पंगत कोणी द्यायची

माय, पहिले आली ती शेजारची शिंपीण, अन् तीही मागच्या दारानं, हातात रिकामी वाटी घेऊन. तिच्या हातात रिकामी वाटी असली म्हणजे तिले साखर नको राहते, बातमी द्यायची राहते, हे मले आता पाठ झालं. "काकू, पावने येऊन राह्यले तुमच्या घरी. मोटरीतून उतरले अन् पिंपळाखाली तुमचं घर पुसून राह्यले. एक बाई हाये, कपाळाले हे एवढं कुकू. संग एक टोपीवाला. बाईच्या कमरेवर पाटी हाये, झाकलेली." मी म्हणली, "कुकूवाली बाई माह्या घरी कायले येते? देऊळ तिकडं राह्यलं. तू नीट ऐकलं का?" तं म्हणते, "माह्या कानानं ऐकलं. नर्सबाईच्या आजीचं घर कोन्तं, असंच पुसत होती." नर्सबाई म्हणजे माही नात, तुही पणती. तुले ती पाहाले भेटली नाही. मिशनच्या दवाखान्यात पांढरी साडी नेसून फिरते, लोकायच्या तोंडात काचेची नळी घालून ताप पाहते, अन् सुटीत घरी आली की माह्या चुलीच्या धुरानं अशी खोकते जशी काही राजाच्या घरी वाढली. मायबाप गेल्यापासून माह्याच पदरात हाये, धुरातच वाढली. तेवढ्यात पावने दारात. शिंपिणीनं आता घरी जायचं का नाही? तं ती वाटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली, जशी वरमाय तीच.

बाईनं पाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं अन् बसायच्या आधीच बोलाले लागली. "राम राम घ्या, बुडीमाय. मले फिरवून बोलता येत नाही. माहा पोरगा तुमच्यात गेला. तुमच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करते. दोन साल झाले, डोक्शावर पानी घेतलं अन् आमच्यातून उठला. म्या रडून पाह्यलं, उपाशी राहून पाह्यलं, केनवडच्या बाजारात त्याच्याशी न बोलता निघून गेली, काही उपेग झाला नाही. आता आमच्या जातीत त्याले पोरगी कोन देते? भांडं तुमी नेलं, तं झाकनही तुमीच द्या." शिंपीण फस्सकन हसली. बाईनं तिच्याकडं पाह्यलंही नाही. "तुमची नात त्याले पसंत हाये. तिले तो पसंत हाये का ते तुमी पुसा, पन पुसायची काही गरज नाही. एकतर्फी असतं तं त्यानं एवढ्या येळा केस इंचरले नसते." आतल्या खोलीत, सुटीवर आलेल्या नातीच्या हातून, डबा पडला. माय, मले एवढा आनंद झाला की मी पाहुणीले बस म्हणाचंही विसरली. पोरगा माह्या पाहण्यातला. गेल्या हिवाळ्यात माह्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता तो त्यानंच काढला. कान सुपावाणी, पण हात असा हलका की काटा निघाला हे मले त्यानं दाखवल्यावर समजलं. तवाच माह्या मनात आलं होतं, याले आपल्या घरातून जाऊ द्याचं नाही. अन् आता त्याची माय माह्या दारात येऊन, तीही पुरणपोळ्यायची पाटी घेऊन, पोरगी मागून राह्यली. हो-नाही म्हणणारी मी एकटी. मी तं मनातल्या मनात मंडळीत लग्नाचा पुकारा वाचून टाकला.

मंग पाणी घेऊन बाहेर आली, तं टोपीवाला, तो पोराचा मामा, घराणं सांगाले लागला. त्याले वाटलं पोरीवाल्यायनं पुसायच्या आधी आपण सांगतलेलं बरं. गाव सांगतलं, शेत सांगतलं, अन् म्हणला, "पोराचा आजा लय मोठा मानूस होता, बुडीमाय. पंच होता जातीत. बंडीवाले पंच म्हणत त्यायले." माह्या हातातलं पाणी माह्याच पायावर सांडलं. तुले आता काय सांगू, तुले तं सगळं मालूम हाये. पण तुह्यामाह्याशिवाय हे मालूम असणारं माणूस उरलं नाही, अन् कोणाले तरी सांगतल्याशिवाय माहं डोकं ठिकाणावर येत नाही. एवढ्या लोकायच्या एवढ्या पोरायमधून माह्या पोरीले याच घरचा भेटला! अन् राग मले त्या पोराचा नाही आला, त्याच्या मायचा नाही आला. तुहा आला, माय.

मोठ्या दुष्काळात बाप गेला, तवा तू आमा दोघी बहिणीले घेऊन मिशनच्या कढईपाशी गेली. लोक खाले गेले, तू रांधाले गेली. मडमेनं तुले विचारलं काय येते, तू म्हणली शंभर माणसाचं वरण येते. येत काही नव्हतं, पण पहिल्याच दिवशी केलं. मंग तिथंच राह्यली, तिथंच ऐकलं, तिथंच बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं. लोक म्हणले भाकरीसाठी बाटली. तू म्हणली, भाकर तं मी पाणी घेतल्याच्या आधीपासून खाऊन राह्यली, तवा कोणी काही म्हणलं नाही. पंच आपल्या दारापर्यंत आला अन् दुरूनच जातीबाहेर केल्याचं सांगून गेला. आपली विहीर बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. तरी तू वस्ती सोडली नाही. रोज चार कोस मिशनात जाय अन् येय. अन् मंग तो दिवस. बहीण माही, पाच वर्षाची, सकाळपासून उलट्या करून राह्यली, दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले, बोटं धुतलेल्या कपड्यावाणी चिरमटली. तू तिले मांडीवर घेऊन बसली हायेस, तिच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडून राह्यली, अन् मले म्हणून राह्यली, "पळ, पंचाची बंडी माग. लवकर." वस्तीत बैलबंडी त्याचीच एक. मी पळत गेली. पळत आली. म्हणली, "नाही म्हणला." तू तिले खांद्यावर टाकलं अन् निघाली. मी मागं. नाल्याच्या उतारावर तिचा हात तुह्या पाठीवर लोंबाले लागला. मले दिसला, तुले नसन दिसला का? पण तू तशीच चालत राह्यली, मिशनाच्या पायरीपर्यंत, जसं काही तिथं पोचलं म्हणजे ती उठून बसणार हाये.

त्याच्यानंतर तू मिशनातच खोली घेतली. मले शाळेत घातलं, तिसरीपर्यंत. तिसरीनंतर दवाखान्यातल्या स्वयंपाकघरात तुह्या हाताखाली. मी सोळा-सतरा वर्षाची असन, तवा दवाखान्यात तो पंच आला. पाय सुजलेला, पायाले चिंधी, अन् चिंधीचा वास स्वयंपाकघरापर्यंत. पण त्याच्यावर दुसरंच संकट होतं. त्याची गाय गोठ्यात मेली होती, गळ्यात दावं असताना. आपल्या जुन्या जातीत तवा तं हे मोठं पाप, बांधलेली गाय मेली म्हणजे मालकानंच मारली. ज्या पंचायतीत हा दुसऱ्यायले बाहेर काढत होता तिनंच याले बाहेर काढला. जोवर दंडाची पंगत देत नाही तोवर त्याले कोणी पाणी देणार नाही, त्याच्या घरचं कोणी घेणार नाही. जसं आपलं केलं होतं, तसंच्या तसं. मले लय बरं वाटलं, माय, खोटं कायले बोलू. मी मडक्याआडून पाहत होती. तो दवाखान्याच्या भिंतीले टेकून बसला, ओठ सुकलेले, अन् जाणाऱ्यायेणाऱ्यायले पाणी मागायची त्याले लाज. तू तांब्या भरला, बाहेर गेली, त्याच्या ओंजळीत धार धरली. तो पीत होता अन् पिता पिता वर पाह्यलं, अन् तुले ओळखलं. पाणी त्याच्या नाकात गेलं. एवढं खोकला एवढं खोकला की मले वाटलं आता हा इथंच मरते. तू त्याची पाठ चोळली. काहून चोळली? तवा विचारलं नाही, आता विचारून राह्यली.

पाय बरा होईपर्यंत तो तिथंच पडला होता, अन् रोज दोन टाइम तुह्या हातचं खात होता, कारण दुसऱ्या कोणाच्या हातचं भेटतच नव्हतं. बरा झाला, गेला. मले वाटलं गेली बला. तं एका रविवारी उपासना सुटली, लोक टिनाच्या गिरजाघरातून बाहेर येऊन राह्यले, अन् हा समोरून, लंगडत, डोक्यावर गाठोडं. उपदेशक मास्तरासमोर गाठोडं टाकलं. "इथले पंच कोन हायेत?" मास्तर म्हणले, "आमच्यात पंच नसतात, बाबा. काय काम आहे?" "माह्या हातून या बाईचा गुन्हा झाला. ही आता तुमच्या जातीत हाये, तं दंड तुमच्या जातीले भरा लागते. गहू हाये, दाळ हाये, गूळ हाये. पंगत मांडा अन् मले मोकळं करा." मास्तर म्हणले, "आमच्यात दंडही नसतो." तं तो म्हणला, "दंड नाही? मंग मानूस सुटते कसा?" आता मास्तराले एवढंच पाहिजे होतं. चष्मा सावरला अन् लागले सांगाले, समजा एक न्यायाधीश आहे, समोर अपराधी उभा आहे, अन् न्यायाधीशाचा पुत्र म्हणतो की याची शिक्षा मला द्या. पंच घाबरला. म्हणला, "मले कोर्टात नाही जायचं, मास्तर." सगळे हसले. मीही हसली.

तू हसली नाही. तू वरणाचा डाव हातात घेऊन तशीच स्वयंपाकघरातून आली. ते बोलणं मले जसंच्या तसं आठवते, कारण पुढच्या रविवारी मास्तरानं तेच आपलं म्हणून सांगतलं. तू म्हणली, "तुही पंगत झाली, भाऊ." "कवा झाली? कोनी देली?" "ज्याले मारलं त्यानं. आमच्यात असंच हाये. ज्याचा गुन्हा झाला त्यानंच चूल पेटवली, अन् ज्यायनं त्याले खिळे ठोकले त्यायलेच पहिल्या पाटावर बसवलं. टांगलेला असताना त्यायच्याचसाठी बापापाशी माफी मागत होता." पंच विचारात पडला. पंचायतीचा माणूस, असा रिवाज त्यानं कुठं ऐकला नव्हता. "अन् तो सोता जेवला का पंगतीत?" तू म्हणली, "त्याचा तं जीवच गेला ती पंगत देता देता. पन तिसऱ्या दिवशी उठला. अजून वाढून राह्यला." पंच गाठोड्याकडं पाहून म्हणला, "असं कसं, बाई? गुन्हा माहा अन् दाने त्याचे? माह्या गव्हाले का कीड लागली?" तवा तू खाली बसली, त्याच्यासमोर, धुळीत. "तुह्या गव्हाले काही झालं नाही. पन हा गहू म्या घेतला तं तू म्हणशीन, फेडलं. ते फेडल्या जाणार हाये का, भाऊ?" त्याच्या डोक्यावरचा फेटा गव्हाच्या गाठोड्यावर पडला, अन् त्यानं तो उचलला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. तू माफ करावं, तुही लेक, तुहा जीव. पण तू उठली अन् मले म्हणली, "जात्यावर बस. आपल्या घरची जवारी काढ. याले जेवू घालायचं हाये." मी म्हणली, "याले? माह्या हातानं?" "मंग कोनाच्या हातानं?" मी सगळ्या मंडळीसमोर तुह्यावर ओरडली. "तू तिले विसरली! चार कोस खांद्यावर नेली अन् विसरली!" तुहा हात वर गेला, मले वाटलं आता मारते. खाली आला. हळूच म्हणली, "विसरली असती तं माफ कायले करा लागलं असतं? ज्याले काही झालंच नाही त्यानं माफी द्याले का लागते? माफी माह्या अंगावरून जाते, पोरी. येशूच्याही अंगावरूनच गेली, तो काही हासत गेला नाही. बस जात्यावर." अन् मी बसली. एवढा जोर लावून दळलं की पीठ उडालं. भाकरी थापल्या, एकही फुगली नाही. तू वाढाले गेली. पंच पहिल्या पाटावर, त्याच्या बाजूले मास्तर, मंग बाकीचे. तू वरण वाढताना डाव त्याच्या थाळीच्या काठाले लागून खडखड वाजत होता, थांबतच नव्हता. सगळ्यायले वाटलं बाई म्हातारी झाली. तू तवा चाळिशीचीही नव्हतीस. त्याच्यानंतर दोन दिवस तू जेवली नाही, अन् मागच्या चुलीपाशी, लाकडायच्या ढिगाआड बसून राह्यली. मास्तराच्या उपदेशात ते दोन दिवस कधीच आले नाहीत.

मी मात्र वर्षभर प्रभुभोजनाले, येशूच्या त्या भाकरीच्या पंगतीले, गेली नाही. ज्या रविवारी ते असे त्या रविवारी मले ताप येय, नाही तं पोट दुखे. तू एकदाच म्हणली, "तुह्या पोटाले रविवार बरा समजते." अन् तो पंच! तो आपल्या गावी गेला अन् गाईसाठी जातीले पंगत देऊन परत जातीतही बसला. मी म्हणली, पाह्य, दोन्हीकडून मोकळा झाला, लबाड. तू म्हणली, "होऊ दे. आपल्या इथं जेवला ते तं कोनी काढून घेत नाही." माय, तुह्याशी भांडणात मी कधी जिंकलीच नाही. तू मेली तवाही मले वाटलं, हे बोलणं अर्धंच राह्यलं अन् ही चालली.

आता आजचं ऐक. मी पाणी पुसलं, चहा ठेवला, अन् मनात ठरवलं, सांगून टाकायचं. पोरीले मालूम झालं पाहिजे कोणत्या घरात जाऊन राह्यली. तुले करायची होती ती माफी तू केली, माही कोणी विचारली? माही बहीण होती ती. बाहेर आली अन् म्हणली, "बंडीवाले पंच म्हणजे ज्यायच्याकडं वस्तीतली एकच बंडी होती, तेच ना?" माह्या आवाजात असं काही असन की शिंपीणही सरसावून बसली. पण ती बाई खूश झाली. "तेच! तुमच्यापर्यंत नाव आलं का? देवमानूस, बुडीमाय. पन मी सून होती, मले पुसा. सासरा होता तवर आमची बंडी कधी आमच्या कामी आली नाही. पेरनीचे दिवस, बैल जुपलेले, अन् कोनी दारात आलं की हा देऊन मोकळा. जातीचा असो, परजातीचा असो. मुसलमानाची बाळंतीन असो नाही तं तुमच्या मिशनातलं कोनी असो. सासू शिव्या देत जाय." मले एवढा संताप आला! देवमाणूस म्हणे! तो देवमाणूस तूच तं केला, दोन भाकरी खाऊ घालून, अन् लोक समजतात तो असा जन्मालेच आला. मी तोंड उघडलं. म्हणजे शब्द जिभेवर होते, "त्यानं एका लेकराले बंडी नाही म्हणलं होतं, तुमाले मालूम हाये का?" एवढंच म्हणाचं होतं.

तं ती हसत हसत म्हणते, "अन् एक येडा रिवाज लावून ठेवला घरात, तो अजून हाये. बंडी मागाले आलेल्याले 'कायले पाहिजे' असं पुसायचं नाही. आधी जुपून द्यायची, मंग पुसायचं. सासू म्हणे, एकदा तं पुसून पाहा, एखादा तमाशाले जात असन! तं म्हणे, 'लेकराले सांगता येत नाही. आपुन पुसतो कसं, त्याच्यावर असते.' अन् डोळे पुसत उठून जाय. कोन्तं लेकरू, काय लेकरू, मरेपर्यंत कोनाले सांगतलं नाही." माह्या चुलीवरचा चहा उतू गेला. शिंपीण ओरडून राह्यली, "काकू, चहा! काकू!" अन् मी तिथंच उभी.

कारण ते लेकरू मी होती. तुले मी "नाही म्हणला" एवढंच सांगतलं, अन् ते खोटं नव्हतं. पण कसं झालं ते सांगतलं नाही. तो ओट्यावर बसला होता. त्याच्या घरच्या पोरी माह्या अंगातलं मिशनचं झंपर पाहून खीखी करत होत्या. मी म्हणली, "बंडी पाहिजे." तो म्हणला, "कायले?" अन् मी, आठ वर्षाची टिकली, त्या पोरीयकडं पाहून मान ताठ करून म्हणली, "मिशनात जायचं हाये." बस. बहीण नाही, उलट्या नाही, डोळे आत गेले ते नाही. तो म्हणला, "मंग आपल्या गोऱ्या साहेबाची घोडागाडी माग." पोरी खदाखदा हसल्या. मी आणखी एक शब्द बोलली असती तं! पण मले लाज आली होती, अन् लाजेचा राग आला होता, अन् मी वळली. सांगतलं असतं तरी त्यानं दिली नसती, असं मी एवढी वर्षं मनाले सांगत आली. आता ही बाई पुरणपोळ्या घेऊन येते अन् म्हणते, आधी जुपून द्यायची.

त्यानं तुले सांगतलं होतं का, माय? पाय घेऊन भिंतीपाशी पडला होता तवा, 'पोरीनं कारण सांगतलंच नाही' एवढं म्हणाले त्याले किती दिवस होते! म्हणला असता तं अर्धा सुटला असता. गाठोडं घेऊन आला तवाही नाही म्हणला, सगळं आपल्याच नावावर घेतलं. की म्हणला होता, अन् तूच ते गिळून टाकलं? मले जात्यावर बसवलं ते त्याच्यासाठी का माह्यासाठी? ते दोन दिवस लाकडाआड बसली ते एकाच्या माफीचे का दोघायच्या? तुले हे मले सांगाले काय झालं होतं! एवढं आयुष्य मी त्याच्यावर रागावून काढलं, प्रभुभोजनाच्या भाकरीवरही रागावली, अन् त्या पंगतीत मीही जेवून राह्यली हे मले कोणी सांगतलंच नाही. उपदेशकायनं किती वेळा सांगतलं म्हणा, तुमच्यासाठी, तुमच्यासाठी. मी दरवेळी बाजूच्या माणसाकडं पाह्यलं.

पाहुण्यायले मी हो म्हणली नाही अन् नाहीही म्हणली नाही. म्हणली, पाळकसाहेबाले पुसा लागते. पाळकाले कायचं पुसते! पोरगी मले द्यायचीच हाये, आजच्यासारखा आनंद मले लय दिवसात झाला नाही. पण आधी त्या बाईले अन् त्या सुपकान्या पोराले बसवून हे सांगीन. नातीलेही बोलावीन. मंग माहं तोंड पाहून त्यायले आमच्याशी सोयरीक करा वाटली तं करतीन, नाही वाटली तं पाटी घेऊन जातीन, अन् माही पोरगी माह्यामुळं तशीच राहीन. शिंपीण मघापासून दोनदा डोकावून गेली, म्हणते कोणाले एवढं लिहून राह्यल्या. मी म्हणली, तुले काय करा लागते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, पेटीत कपड्यायखाली ठेवीन. खरं सांगू का, तू अंगठेबहाद्दर, तुले एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तं मी एवढं लिहू शकली. तोंडानं नसती बोलली, तू समोर असती तं आजही नसती बोलली. त्यायच्या समोर कशी बोलते ते येशूलेच मालूम. मंगळवारी येतो म्हणून गेले.